थोरलीच्या हातचा काला

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. आधीच पेपरात पुष्कळ छापून आलंय आणि त्यातलं निम्मं चुकीचं आहे. मिरजगावच्या पुढे हायवे सोडून आत वळलं की लागतं, एवढं पुरे. मी या गावची आशा. म्हणजे सरकारी दवाखाना आणि गाव यांच्यामधली बाई. दवाखान्याच्या गोळ्या गावात पोचवते आणि गावाच्या शिव्या स्वतः खाते. नाव मोनिका. घरात मोने म्हणतात, गावाला राग आला की आशाताई म्हणतात.

माझ्या सासूबाई मुक्ताबाई. मी त्यांना आत्या म्हणते, गाव काकू म्हणतं. आमचं दोघींचं भांडण रोजचं. भाकरी जाड झाली इथपासून ते मी पुरुषासारखी स्कूटी चालवते इथपर्यंत कशावरूनही. पण बाई मनानं सोनं. कुणाचं पोर आजारी पडलं की आत्या भात कालवून हजर. स्वतःच्या हातानं भरवणार, पदरानं त्याचं तोंड पुसणार आणि निघताना त्याच्या आईला दोन शब्द सुनावून येणार. अख्खं गाव त्यांच्या हातचं जेवलंय, आणि त्या हाताला गावात मान आहे.

मान म्हणजे खराखुरा मान, नुसता बोलायचा नाही. चैत्रात आमच्याकडे हरिनाम सप्ताह बसतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं आणि मग काला वाटतात. ज्वारीच्या लाह्या, दही, काकडी, भिजवलेली डाळ, लोणचं, सगळं एका मोठ्या पातेल्यात हातानं कालवायचं. ते कालवायचं आमच्या घरच्या थोरल्या सुनेनं, आणि पोरांना पहिले घासही तिनंच भरवायचे. याच्यामागे एक गोष्ट आहे. माझ्या आजेसासऱ्यांच्याही आधीच्या काळात गावात पटकी आली, म्हणजे कॉलरा. सकाळी उलटी सुरू झालेलं माणूस दिवेलागणीला नसायचं. लोक घरं टाकून रानात खोपटी घालून राहिले. आजारी माणसं गावातच पडून होती, त्यांना कोण उचलणार? आमच्या घरची थोरली सून तेवढी मागे थांबली आणि दारोदार जाऊन त्यांना दहीभात भरवत राहिली. किती वाचले ते कुणाला ठाऊक नाही, पण तिला स्वतःला काही झालं नाही.

रोग ओसरल्यावर गाव परत आलं, पण घरात पाऊल टाकायला कुणी धजेना. तेव्हा तिनं मारुतीच्या पारावर काला कालवला आणि एकेकाला घास दिला. तो खाऊन माणसं आपापल्या घरात शिरली. तेव्हापासून हा मान. थोरलीच्या हाताला रोग शिवत नाही, उलट रोगच त्या हाताला भिऊन पळतो, असं गाव मानतं. थोरली जिवंत आहे तोवर दुसऱ्या कुणी पातेल्यात हात घालायचा नाही. आत्यांनंतर मान माझा. मला त्याची कधीच घाई नव्हती, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्यावर तोही आळ आला.

यंदाचा सप्ताह झकास झाला. नंतर दहा-बारा दिवस गेले आणि ताप सुरू झाला.

आधी वाटलं, ऊन लागलं असेल. मग एकेका घरात दोन-दोन माणसं पडायला लागली. ताप उतरायचं नाव नाही, पोट दुखतंय, जीभ पांढरीफटक. रक्त तपासलं तर टायफॉईड. आमच्याकडची जुनी माणसं त्याला मुदतीचा ताप म्हणतात. मी घरोघर फिरून बेंबीच्या देठापासून ओरडत होते, पाणी उकळा, दवाखान्यात चला. कोरोनात लोकांनी ऐकलं होतं, कारण तेव्हा टीव्ही सांगत होता. आता नुसती मोनिका सांगत होती. घरकी मुर्गी दाल बराबर.

शेजारच्या वाल्मिकचा ओम तिसरीत होता. फार गोड आणि फार आगाऊ पोरगा. त्याला ताप आला तेव्हा वाल्मिकनं मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या. ताप उतरला, पुन्हा चढला. पोट फुगलं तेव्हा मी त्यांना ओढतच नगरला पाठवलं. आतडं फुटलं होतं. ॲम्ब्युलन्स परत आली तेव्हा मी दारातच उभी होते. वाल्मिक पोराला पांढऱ्या चादरीत घेऊन उतरला आणि मला म्हणाला, "आशाताई, ह्यो आता रडत का न्हाई वो?" आत्यांनी येऊन पोराला त्याच्या हातातून घेतलं.

गावाला खापर फोडायला कुणीतरी लागतंच. जारचं पाणी विकणारा शाहबाज सापडला. त्याच्या प्लांटला कुलूप लागलं, गाडीची काच फुटली. पाणी तपासलं तर स्वच्छ निघालं. गाव म्हणालं, रिपोर्ट दाबला. कोरोनात याच शाहबाजनं घरोघर फुकट जार टाकले होते, ते कुणाला आठवलं नाही. मला भयंकर राग आला होता, पण माझ्या रागाला विचारतो कोण?

आमच्या दवाखान्यात सिमरन मॅडम म्हणून डॉक्टर आहेत, श्रीरामपूरच्या. त्यांनी अंगणवाडीत बसून आजारी घरांतल्या माणसांना एकेक करून विचारलं, काय खाल्लं, कुठं खाल्लं. पंगतीतली आमटी उकळलेली, बुंदी तळलेली. काला तेवढा कच्चा, आणि तो सगळ्यांनी खाल्लेला. मग त्यांनी मला विचारलं, असा ताप आसपास आधी कुठं आला होता का? मी भाबडेपणानं सांगितलं, गेल्या वर्षी आत्यांच्या माहेरी आला होता, कर्जतकडे. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या नणंदेच्या गावात. दोन्हीकडे सप्ताहानंतरच. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "तिथला काला कुणी कालवला होता?" मी म्हणाले, "आत्यांनीच. हौसेनं बोलवून नेतात त्यांना." सांगताना मला अभिमानच वाटत होता, इतकी मी ठार आंधळी.

मॅडमनी दूधवाल्याची, आचाऱ्याची आणि आत्यांची शौचाची तपासणी सांगितली. सासूपुढे प्लॅस्टिकची डबी धरून तिच्याकडे ते मागायचं, हा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. आत्या म्हणाल्या, "मोने, तुझ्या सरकारला दुसरं काय मागाय सुचलं न्हाई का?" पुढचे दोन दिवस त्या डबीवरून आमच्या घरात हसून हसून पुरेवाट झाली. मग डबी गेली आणि आम्ही ती विसरून गेलो.

तोपर्यंत सप्ताह कमिटीची बैठक बसली होती. कमिटीचे प्रमुख पुंजारामतात्या. माणूस देवभोळा, लबाड अजिबात नाही, आणि हीच पंचाईत. ते म्हणाले, गावावर रोग आलाय, पूर्वी आला होता तेव्हा थोरलीच्या काल्यानं गेला होता, तर पुन्हा तीन दिवस हरिनाम करू आणि काल्याचा प्रसाद देऊ. मॅडमनी पंगत नको, काला तर नकोच म्हणून सांगितलं. कमिटी म्हणाली, बरोबर आहे मॅडम, पंगत रद्द, फक्त काला.

काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी मॅडमनी मला दवाखान्यात बोलावलं आणि दार लावून घेतलं. "आचारी आणि दूधवाला ठीक आहेत. तुमच्या सासूबाईंच्या तपासणीत टायफॉईडचे जंतू सापडलेत."

मला हसूच आलं. म्हणाले, "मॅडम, डब्यांची अदलाबदल झाली असेल. आत्यांना साधं पडसं होत नाही."

"तेच तर आहे," मॅडम म्हणाल्या. "त्यांना पूर्वी कधी मुदतीचा ताप आला होता?"

आला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी. त्यातून उठल्या तेव्हा घरात पेढे वाटले होते. मॅडम म्हणाल्या, क्वचित असं होतं. ताप जातो पण जंतू जात नाहीत, पित्ताशयात घर करून राहतात. माणूस ठणठणीत दिसतं आणि वर्षानुवर्षं अधूनमधून दुसऱ्यांना रोग देत राहतं; जंतू रोज बाहेर पडतात असं नाही, म्हणून कैक वर्षं कुणाला काही होतही नाही. नुसत्या पाण्यानं हात धुऊन भागत नाही. त्यांचा काही दोष नाही. काही आठवडे औषध घेतलं की बहुतेक बऱ्या होतील, नाहीतर ऑपरेशन. मॅडम समजुतीनं सांगत होत्या आणि माझ्या कानात नुसता आवाज जात होता. मला आत्यांचा हात दिसत होता, भात कालवणारा. मी खुर्चीत बसले होते तरी खुर्चीची कड धरून ठेवली.

"त्यांचं नाव मी गावात घेणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण उद्या त्यांचा हात त्या भांड्यात जाता कामा नये. तुम्ही सांगाल की मी येऊ?"

मी म्हणाले, मी सांगते.

घरी आले तेव्हा आत्या उद्याच्या लाह्या चाळत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं, जसं मॅडमनी सांगितलं तसं. मधेच थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं.

आत्यांनी चाळण खाली ठेवली. "तुला मान घ्यायची घाई झाली व्हय गं?"

"आत्या!"

"मग सासूला रोगी ठरवायचं हुतं तर चारचौघांत ठरवायचं. घरात कशाला सांगती?" त्या उठल्या, मोरीपर्यंत गेल्या, परत आल्या. "ह्या हातानं म्या सुनीलला वाढवला. तुझी बाळंतपनं ह्याच हातानं केली. आन ह्या हातात रोग?" त्यांनी हात माझ्या तोंडासमोर धरला. मी मागं सरकले. मुद्दाम नाही, अंग आपोआप मागं गेलं. आत्यांनी ते पाहिलं आणि हात पदराखाली घेतला.

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या माहेरात दोघं गेले की गं तवा. आन लेकीच्या गावात ती नवी सून." त्यांनी चाळणीकडे पाहिलं. "ओमला म्या घास दिला हुता."

"सगळ्यांनाच दिला होता आत्या. कुणाला कशानं झालं, हे कुणी सांगू शकत नाही."

"तू खोटं बोलाया लागली म्हंजी खरंच हाय," आत्या म्हणाल्या.

संध्याकाळी सुनील, माझा नवरा, आला. त्याचा चेहरा पांढरा पडला, पण डोकं चाललं. म्हणाला, "आये, तुला बरं न्हाई म्हनून सांगू. घरातच पडून ऱ्हा. काला दुसरं कुनी कालवंल." हे आम्हा तिघांनाही पटलं. आत्या गोधडी घेऊन पडल्या. मी जाऊन पुंजारामतात्यांना निरोप दिला, आत्यांना ताप आहे.

तात्या माझ्या मागोमाग घरी आले. उंबऱ्यातूनच हात जोडून म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका. तुमी उठू नका. पातेलं आमी हितंच आनतो. तुमी नुसता हात फिरवा, मग पोरं नेतील पारावर."

"ताप असलेल्या माणसाचा हात?" मी ओरडलेच.

"थोरलीच्या हाताला काय हुतंय?" तात्या प्रेमानं म्हणाले आणि गेले.

आत्या गोधडीतून उठून बसल्या. "पातेलं हितं आनलं तर सांगनं चार जनांत हुईल. पारावर गेलं तर सगळ्यांफुडं हुईल. म्या जाती पारावर."

"काय सांगणार तुम्ही?"

"जे हाय ते."

मी त्यांना म्हणाले, आत्या, नाव बाहेर आलं तर हे गाव तुमच्या हातचं पाणी पिणार नाही. त्या म्हणाल्या, "नगं पिऊ दे." पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते हातानं पुसत नव्हत्या. खांद्यानं पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कीर्तन संपलं. पारापुढचा मांडव गच्च भरला होता. ज्यांच्या घरी अजून माणसं तापात होती तेही आले होते, नव्हे, तेच पुढे बसले होते. पातेल्यात लाह्या, दही, सगळं घालून तयार होतं. तात्यांनी आत्यांना हात धरून वर नेलं. मी पायरीशी उभी राहिले.

आत्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. "म्या कालवनार न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाल्या, "माझ्या पोटात मुदतीच्या तापाचा रोग हाय. डाक्टरनीनं तपासलाय. गावात ह्यो ताप माझ्या हातनं आलाय. जारवाल्या पोराचा काही गुन्हा न्हाई."

मला वाटलं होतं लोक ओरडतील, दगड उचलतील. तसं काही झालं नाही. लोक चक्क हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "आशाताईनं पढवून पाठवलंय." दुसरा म्हणाला, "शाहबाजला सोडवाया." एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "बघा, गावाचा रोग सवताच्या अंगावर घेती माउली." आणि त्या वाक्यासरशी बायका पदर पसरून पुढे सरकायला लागल्या. मी किंचाळत होते, "खरं आहे ते! रिपोर्ट आहे!" कुणी वळूनही पाहिलं नाही.

"वहिनी, तापात बोलताय तुमी," पुंजारामतात्या म्हणाले. त्यांनी आत्यांचा उजवा हात पाठीमागून हळूच पुढे घेतला, लहान पोराचा घ्यावा तसा, आणि मनगटापर्यंत पातेल्यात बुडवला. "झालं! हात लागला!" मांडवात एकच गजर झाला.

मी इतकी वर्षं आजार पाहतेय. कोरोनात माणसं नेलेली पाहिलीत. पण तेव्हा वाटली नव्हती एवढी भीती मला त्या गजराची वाटली. आत्या दह्यानं माखलेला हात हवेत धरून उभ्या होत्या आणि त्याच्याकडे परक्याच्या हाताकडे बघावं तशा बघत होत्या.

तेवढ्यात वाल्मिक पुढे आला. ओमची धाकटी बहीण आरोही त्याच्या कडेवर होती. ओम गेल्यापासून तो घराबाहेर पडला नव्हता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. गर्दीनं त्याला वाट करून दिली. त्यानं पोरीला दोन्ही हातांनी उचलून आत्यांच्या समोर धरलं.

"काकू, एक गेला. ही तरी ऱ्हाऊ द्या. हिच्या तोंडात घाला पयला घास." आणि पोरीला म्हणाला, "आ कर."

पोरीनं तोंड उघडलं.

आत्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग लुगड्याचा काठ वर धरला आणि पातेल्याला लाथ मारली. पहिल्या लाथेनं ते नुसतं हललं. दुसऱ्या लाथेनं आडवं झालं आणि काला पारावरून खाली मातीत गेला. आत्या खाली उतरल्या आणि त्याच्यावर उभ्या राहून दोन्ही पायांनी तो तुडवायला लागल्या.

आता मात्र लोक ओरडले. "प्रसादाला लाथ मारली! काल्याला लाथ मारली!" तात्यांनी कपाळ बडवून घेतलं. बायकांनी पोरांना ओढून मागे घेतलं. कुणाची चप्पल आली ती आत्यांच्या पाठीवर बसली. मी मधे पडले, मलाही लागलं. मघाशी माउली म्हणणारी म्हातारीच म्हणाली की हिच्या हातचं खाईल त्याच्या सात पिढ्या नरकात जातील. डॉक्टरचा कागद जे करू शकला नाही ते त्या लाथेनं झालं. त्या दिवसापासून आमच्या गावात आत्यांच्या हातचं कुणी खात नाही, आणि ताप थांबला. का थांबला हे बहुतेकांना आजही कळलेलं नाही. औषध संपून आत्यांची तपासणी स्वच्छ आली, तरी पंगतीत त्यांचं ताट वेगळं असतं.

पण त्या दुपारी एकटा वाल्मिक ओरडत नव्हता. तो पोरीला कडेवर घेऊन जागच्या जागी उभा होता. आयुष्यभर ज्या बाईनं देवाच्या पायरीला पाय लागू दिला नाही, तिला तो काला तुडवताना बघत होता. गर्दी शिव्या देत पांगली, तेव्हा तो पायरीपाशी आला.

"म्हंजी खरं हाय, काकू?"

"खरं हाय, लेकरा."

त्यानं आरोहीचं तोंड आपल्या तळहातानं झाकलं. ती गुदमरून हात झटकत होती, तरी त्यानं तो काढला नाही.

"मागल्या काल्याला ओम गर्दीत मागं ऱ्हात हुता," तो म्हणाला. "म्या त्येला असंच उचलून धरलं हुतं. तुमास्नी म्हनलो, काकू, पयला घास माझ्या पोराला द्या."

"व्हय," आत्या म्हणाल्या. "पयला त्येलाच दिला."